डायल-अपचा वेग : खरा किती, भासाचा किती?

घरातील निजानीज झाली की संगणकावरचे कापडी आवरण दूर होई. टेलिफोनची वायर भिंतीवरच्या रोझेटमधून काढून तेथे मोडेमची वायर खोचली जाई. पडद्यावर क्रमांक फिरविला जात असल्याची सूचना उमटे आणि पाठोपाठ तो परिचित कर्कश आवाज सुरू होई. आधी एक लांब शिट्टी, मग किरकिर, मग पत्र्यावर वाळू ओतावी तशी घरघर. आतल्या खोलीतून ‘त्याचा आवाज बंद करा रे’ असा पुकारा येई. वीस-पंचवीस सेकंदांनी सारे शांत होई, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन चिमुकले संगणक लुकलुकू लागत आणि जोडणी झाल्याचा आनंद पहिले छायाचित्र वरून खाली पट्टीपट्टीने उलगडू लागेपर्यंत टिके.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट इतकाच होता. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. मोडेमच्या खोक्यावरचा आकडा २८.८, ३३.६ असा चढत ५६ वर पोहोचला आणि तेथेच थांबला. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिटची अट घातली व पुढील काही वर्षांत घरोघरचे मोडेम माळ्यावर गेले. अमेरिकेत मात्र एओएल कंपनीची डायल-अप सेवा थेट ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. ती तोवर चालू होती, याचेच अनेकांना आश्चर्य वाटले.

या दशकभराच्या काळात ज्यांनी डायल-अप वापरले, त्यांच्यापैकी क्वचितच कोणी असेल की ज्याने कधी ना कधी ‘सेटिंग’ बदलून वेग वाढविण्याचा प्रयत्न केला नाही. इंटरनेटचे तास आगाऊ विकत घ्यावे लागत आणि टेलिफोनचे मीटर वेगळे फिरे. संथ जोडणी म्हणजे नुसता खोळंबा नव्हता, तो दुहेरी खर्च होता. त्यामुळे कार्यालयातील संगणकाची आवड असलेला एखादा सहकारी कागदाच्या चिटोऱ्यावर रजिस्ट्रीतील आकडे लिहून देई. कोणी फ्लॉपीवर एखादी फाइल आणून देई. ती दोनदा क्लिक करायची, संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, की काम झाले. वेग दुप्पट, तिप्पट करून देण्याची हमी देणारे प्रोग्रॅमही सर्रास मिळत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ‘फरक पडला बुवा’ असा निर्वाळा दिला जाई. हा फरक खरोखरच पडत होता काय, हे आज शांतपणे तपासून पाहता येते.

वाट किती रुंद होती?

टेलिफोनची व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी उभारली गेली. बोलणे समजण्यास साधारणतः ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतका कंपनांचा पट्टा पुरेसा असतो, म्हणून यंत्रणेने तेवढाच पट्टा राखला आणि बाकीचा गाळून टाकला. मोडेमला आपली सारी माहिती या अरुंद पट्ट्यातच बसवावी लागे. अशा वाटेवरून सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाऊ शकेल, याचे गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडून ठेवले होते. ते दोन गोष्टींवर अवलंबून असते : पट्ट्याची रुंदी आणि खरखरीच्या तुलनेत संदेशाचे बळ. चांगल्या प्रतीच्या तारेसाठी हे गणित सोडविले, तर उत्तर पस्तीस-छत्तीस किलोबिटच्या आसपास येते. ३३.६ किलोबिटचा मोडेम त्या मर्यादेला जवळजवळ टेकला होता.

मग ५६ हा आकडा आला कोठून? त्यामागे एक सुरेख युक्ती होती. एव्हाना टेलिफोन एक्स्चेंजेस डिजिटल झाली होती. एक्स्चेंजमध्ये आलेल्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात व प्रत्येक नमुना आठ बिटांत नोंदविला जाई. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. इंटरनेट कंपनीने आपली बाजू एक्स्चेंजला थेट डिजिटल पद्धतीने जोडली, तर त्या बाजूने येणाऱ्या माहितीचे आवाजात रूपांतर फक्त एकदाच, ग्राहकाच्या घराकडे निघताना होई. आठांपैकी सात बिट भरवशाचे धरले की सात गुणिले ८,००० म्हणजे ५६,०००. १९९८ साली व्ही.९० या नावाने हे तंत्र जगभर एकरूप झाले. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला मात्र ही सवलत नव्हती, ती ३३.६ वरच राहिली. पुढे २०००च्या व्ही.९२ने तिला ४८ पर्यंत नेले, परंतु तोवर मोडेमचे दिवस भरत आले होते.

ही मर्यादा तारेत, एक्स्चेंजमध्ये आणि गणितात होती. विंडोजमधील कोणताही आकडा बदलून ती हलणार नव्हती. सेटिंगने झालेच तर इतके होऊ शकत होते, की आपण स्वतःच त्या अरुंद वाटेत एखादा धोंडा टाकून ठेवला असेल, तर तो बाजूला व्हावा. वेग वाढविण्याच्या बहुतेक साऱ्या खऱ्याखोट्या उपायांची परीक्षा या एका कसोटीवर होते.

पडद्यावरचा आकडा

सर्वांत लोकप्रिय उपाय होता तो मोडेमच्या ‘कमाल वेगा’चा. मोडेमच्या गुणधर्मांच्या चौकटीत हा आकडा ५७,६०० असेल तर तो १,१५,२०० करावा, असे सांगितले जाई. तसे केल्यावर काही संगणकांवर खरोखरच चमत्कार दिसे. काल ४६,६६७ या वेगाने झालेली जोडणी आज थेट १,१५,२०० ने झाल्याची सूचना पडद्यावर उमटे.

वस्तुतः हा आकडा टेलिफोनच्या तारेचा नव्हताच. संगणक आणि त्याच्याशेजारी ठेवलेला मोडेम यांच्यातील हातभर केबलचा तो वेग होता. जोडणी झाल्यावर कोणता वेग कळवायचा, तारेचा की केबलचा, हे मोडेमला दिलेल्या प्रारंभीच्या आज्ञेवर ठरे. आज्ञा बदलली की आकडा बदले, वाट तीच राही. पासबुकातील शिल्लक पेनाने खोडून मोठी लिहिली म्हणून खात्यातील रक्कम वाढत नाही, तसाच हा प्रकार होता.

तरीही या सेटिंगला अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही. मोडेम माहिती दाबून लहान करून पाठवी व पलीकडून आलेली दाबलेली माहिती उलगडून संगणकाला देई. निव्वळ मजकूर असेल तर तो दोन-तीनपटीने दबे. तारेवरून ४६ किलोबिटने आलेला मजकूर उलगडल्यावर शंभर किलोबिटच्या घरात जाई आणि केबलचा वेग ३८,४०० वर अडकवून ठेवला असेल, तर तेथे खरोखर तुंबारा होई. जुन्या संगणकांच्या पोर्टमधील चिपही मोठ्या वेगाला पुरी पडत नसे. ज्याच्याकडे ही अडचण होती, त्याला आकडा वाढविल्याचा लाभ झाला. ज्याच्याकडे ती नव्हती, त्याला केवळ आकडा मिळाला.

४५,३३३, ४६,६६७, ४८,०००, ४९,३३३ हे वेग त्या पिढीला तोंडपाठ होते. व्ही.९० मोडेम साधारण १,३३३ बिटांच्या पायऱ्यांनी वर-खाली होत असल्यामुळे तेच ते आकडे पुन्हा पुन्हा दिसत. आणखी एक गोंधळ बिट आणि बाइटचा. ४५,३३३ बिट म्हणजे सेकंदाला साडेपाच किलोबाइट. एक मेगाबाइटची फाइल उतरवायला सारे काही सुरळीत असताना तीन मिनिटे लागणारच. फाइल उतरताना पाच-साडेपाच किलोबाइट हा वेग दिसला, की अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात ती जोडणीची उत्तम कामगिरी असे.

पुडके आणि पत

रजिस्ट्रीतील उपायांत दोन नावे हमखास असत. पहिले एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठविल्या जाणाऱ्या पुडक्याचा कमाल आकार. विंडोज ९५ तो १,५०० बाइट धरी. तो ५७६ करावा, असा सल्ला असे. या सल्ल्याला काही आधार होता. वाटेतील एखादे केंद्र मोठे पुडके घेत नसेल, तर ते फोडून त्याचे तुकडे करावे लागत आणि त्यात वेळ जाई. ज्या मोजक्या जोडण्यांत असे घडत होते, तेथे लहान पुडक्याने आराम पडला. पुढे विंडोज ९८ मध्ये हा आकार आपोआप निवडण्याची सोय आली.

परंतु लहान पुडक्यालाही किंमत असते. प्रत्येक पुडक्यावर नाव-पत्त्याचे ४० बाइट चिकटवावे लागतात. १,५०० बाइटांच्या पुडक्यात हा भार पावणेतीन टक्के होतो, ५७६ च्या पुडक्यात जवळजवळ सात टक्के. डायल-अप जोडणीत हा पत्ता दाबून अवघ्या काही बाइटांवर आणण्याची सोयही होती आणि ती मुळातच चालू असे; त्यामुळे हा तोटाही फारसा जाणवत नसे. थोडक्यात, चार टक्के इकडे किंवा चार टक्के तिकडे. फाइल उतरत असतानाच कोणी गप्पाही मारीत असेल, तर त्याला मात्र लहान पुडके सुखाचे वाटे. मोठे पुडके तारेवरून जायला पाव सेकंद घेई, लहान पुडके एक दशांश सेकंदात वाट मोकळी करी.

दुसरे नाव रिसीव्ह विंडोचे. बँकेच्या सेवकवर्गाला ही कल्पना कॅश क्रेडिटच्या उदाहरणाने चटकन उमगेल. समोरच्या संगणकाने पोचपावतीची वाट न पाहता किती माहिती पाठवावी, याची ती मर्यादा असते. पोच येत जाते तशी मर्यादा पुन्हा मोकळी होते. विंडोज ९५ मध्ये ती ८,१९२ बाइट होती आणि ती दुप्पट, चौपट करावी असा आग्रह धरला जाई.

आता हिशेब पाहावा. तारेवरून सेकंदाला ५,६६७ बाइट येत आहेत. अमेरिकेतील एखाद्या संगणकाकडे पुडके जाऊन त्याची पोच परतायला, समजा, ०.६ सेकंद लागत आहे. म्हणजे कोणत्याही क्षणी वाटेत असलेली माहिती सुमारे ३,४०० बाइट. आठ हजारांची पत मंजूर असताना उचल साडेतीन हजारांचीही नाही. अशा खातेदाराची मर्यादा वाढवून सोळा हजार केली, तर त्याचा व्यवसाय वाढेल काय? दुकानाची उलाढालच तेवढी आहे.

गंमत अशी की हाच उपाय ब्रॉडबँडवर खरा ठरला. वेग २५६ किलोबिट झाला की सेकंदाला ३२,००० बाइट येऊ लागतात; फेरीला ०.३ सेकंद लागत असेल, तर ९,६०० बाइट वाटेत असायला हवेत आणि ८,१९२ ची मर्यादा आड येते. उपग्रहामार्गे चालणाऱ्या जोडणीत तर संदेशाला पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यावे लागे, पोच यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागे आणि लहान मर्यादेमुळे मोठी वाट रिकामी पडून राही. उपाय योग्य होता. तो चुकीच्या रोग्याला दिला जात होता.

विंडोज एक्सपी आल्यानंतर, म्हणजे २००१ पासून, आणखी एक आख्यायिका पसरली. मायक्रोसॉफ्टने प्रत्येक जोडणीचा वीस टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवला असून एक सेटिंग बदलली की तो मोकळा होतो, अशी ती होती. सेटिंग खरोखरच अस्तित्वात होती, म्हणून विश्वास बसे. मात्र एखाद्या प्रोग्रॅमने खास मागणी केली तरच त्याच्यासाठी हा वाटा राखला जाई. मागणी नसेल तर पूर्ण वेग सर्वांना खुला असे. मायक्रोसॉफ्टने तसे स्पष्टही केले. आख्यायिकेवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

मग फरक का जाणवे?

निर्वाळा देणारे सहकारी खोटे बोलत नव्हते. त्यांना फरक दिसला होता, फक्त त्याचे कारण निराळे होते. रजिस्ट्री बदलल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. त्यामुळे तासन् तास चालून मंदावलेला संगणक ताजातवाना होई. मग पुन्हा क्रमांक फिरवावा लागे आणि या वेळी कंपनीकडील दुसराच मोडेम उचलला जाई, तारेची नव्याने परीक्षा होई. काल ४२,६६७ वर झालेली जोडणी आज ४८,००० वर होणे मुळीच अशक्य नव्हते. शिवाय पडताळणीसाठी उघडले जाणारे पान बहुधा कालचेच असे. त्यातील चित्रे संगणकाच्या तबकडीवर आधीच साठविलेली असत आणि ती क्षणात दिसत. त्यात रात्रीची वेळ असेल, तर विचारायलाच नको. संध्याकाळी सात वाजताच्या गर्दीशी रात्री बाराच्या शुकशुकाटाची तुलना होई आणि श्रेय चिटोऱ्यावरच्या आकड्याला जाई.

सेटिंग न बदलता नुसतेच तोडून पुन्हा जोडून पाहण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नसे.

ज्यांचा उपयोग होता असे उपाय

सर्वांत मोठा लाभ विंडोजच्या कोणत्याही चौकटीत नव्हता, तो भिंतीवर होता. गंजलेला रोझेट, खिडकीतून आत घेतलेली आणि जागोजागी जोड दिलेली वायर, दुसऱ्या खोलीतील समांतर टेलिफोन, स्वस्तातला लांबलचक विस्तार हे सारे तारेवरची खरखर वाढवीत; आणि शॅनन यांच्या गणितात खरखर वाढली की वेग घटतो, त्याला अपील नाही. पावसाळ्यात खांबावरच्या डब्यात पाणी शिरले, की ४८,००० वर होणारी जोडणी २८,००० वर येई व दर दहा मिनिटांनी तुटे. अशा वेळी १९८ वर तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहणे, हाच रजिस्ट्रीपेक्षा सरस उपाय असे. मोडेमची वायर मधल्या साऱ्या जोडण्या टाळून थेट पहिल्या रोझेटला लावल्याने अनेक घरांत एक-दोन पायऱ्यांचा वेग वाढला. कानाला रिसीव्हर लावून खरखर ऐकणे, ही त्याची सोपी चाचणी होती. कॉल वेटिंगची सुविधा घेतली असेल, तर ती इंटरनेटच्या वेळेपुरती बंद ठेवणे इष्ट असे. नाहीतर एखाद्या नातेवाइकाने फोन केल्याची ती छोटीशी टुक् टुक् जोडणी तोडून टाकी.

काही सेटिंग वेग वाढवीत नसत, पण वेळ निश्चित वाचवीत. क्रमांक ‘पल्स’ पद्धतीने फिरविला जात असेल, तर सेकंदाला दहा टिचक्या या हिशेबाने एकट्या शून्यालाच एक सेकंद लागे; सात आकड्यांचा क्रमांक फिरायला सात-आठ सेकंद सहज जात. डिजिटल एक्स्चेंजवर ‘टोन’ निवडले, की तेच काम सेकंद-दीड सेकंदात होई. क्रमांकातील प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंदांचा थांबा. कार्यालयातील बोर्डासाठी टाकलेला तो घरीही तसाच राहिलेला असे. विंडोज ९८ मध्ये ‘लॉग ऑन टू नेटवर्क’ या चौकटीतील खूण काढली आणि लागत नसलेले दोन प्रोटोकॉल बंद केले, की जोडणीनंतरचे कित्येक निरर्थक सेकंद टळत. घरच्या वापरात या गोष्टींची गरजच नसे.

खरी बचत मात्र कमी माहिती मागविण्यात होती. समजा, एखादे पान साठ किलोबाइटचे आहे आणि त्यातील पन्नास चित्रांचे आहेत. ब्राउझरमध्ये चित्रे दाखविणे बंद केले, तर अकरा सेकंदांचे काम दोन सेकंदांवर येई. मराठी वाचकाची येथे एक खास पंचाईत होती. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळांवर शीर्षके, कधी कधी सारा मजकूरच, चित्रांच्या रूपात असे किंवा त्या स्थळाचा स्वतंत्र फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. चित्रे बंद केली की इंग्रजी वृत्तपत्र झटकन उघडे आणि मराठी वृत्तपत्राच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसे. पुढे युनिकोड आले. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तरीही मजकूर चांगला दबत असल्यामुळे चित्रापेक्षा तो कितीतरी हलका ठरला.

याच तत्त्वावर ‘वेब अॅक्सिलरेटर’ नावाच्या सेवा निघाल्या. मधल्या एका संगणकावर पान दाबून, चित्रांचा दर्जा उतरवून ते ग्राहकाकडे पाठविले जाई. त्यांच्या जाहिरातीतील ‘पाचपट वेग’ हा मजकुराने भरलेल्या पानांपुरता फारसा खोटा नव्हता. आधीच दाबलेली गाणी, झिप फाइल यांवर त्यांची मात्रा चालत नसे. बँकेच्या सुरक्षित पानांवरही ती चालत नसे. रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्या सुमारास खातेदार घरून शिल्लक पाहू लागले होते. ही पाने संकेतबद्ध होऊन येतात. मधल्या कोणाला ती वाचता येत नाहीत, म्हणून दाबताही येत नाहीत. शिवाय दोन्ही बाजूंची ओळख पटविण्यासाठी काही फेऱ्या जास्त होतात. डायल-अपवर बँकेचे पान उशिरा उघडते, अशी तक्रार तेव्हा सर्रास ऐकू येई. तो उशीर म्हणजे कुलूप उघडण्याचा वेळ होता.

मोल्दोव्हाचा कॉल

सेटिंग बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागण्यातील खरा धोका वेग न वाढण्याचा नव्हता. १९९७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक प्रकरण न्यायालयात नेले. काही संकेतस्थळांवरील चित्रे पाहण्यासाठी एक विशेष प्रोग्रॅम उतरवून घ्या, असे ग्राहकांना सांगितले जात होते. हा प्रोग्रॅम चालू होताच मोडेमची स्थानिक जोडणी गुपचूप तोडी, मोडेमचा आवाज बंद करी आणि पूर्व युरोपातील मोल्दोव्हा देशाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक फिरवी. ग्राहक ते संकेतस्थळ सोडून दुसरीकडे गेला, तरी कॉल चालूच राही. मिनिटाला दोन डॉलरहून अधिक आकार पडे आणि सारा उलगडा महिनाअखेरीस, टेलिफोनचे बिल हाती पडल्यावर होई. अखेरीस हजारो ग्राहकांना पैसे परत मिळाले.

येथे सर्व काही सेटिंगनेच घडले होते. क्रमांक कोणता फिरवायचा, ही एक सेटिंग. आवाज ठेवायचा की नाही, ही दुसरी. आजोबांची झोप मोडू नये म्हणून घरोघरी वापरली जाणारी तीच साधी आज्ञा. मोडेमचा तो कर्कश आवाज अनेकांना नकोसा वाटे, परंतु क्रमांक पुन्हा फिरविला जात आहे, हे कळण्याचा तो एकमेव मार्ग होता. त्या आवाजात पहिली लांब शिट्टी वाजे, ती २,१०० हर्ट्झची. लांब पल्ल्याच्या तारांवर बोलण्याचा प्रतिध्वनी दाबणारी यंत्रे असतात. ‘आता माणसे बोलणार नाहीत, बाजूला व्हा’ असे ही शिट्टी त्यांना सांगे. पुढची किरकिर ही दोन मोडेमची वाटाघाट आणि तारेची तपासणी. वेगवेगळ्या स्वरांची पट्टी वाजवून कोणता स्वर किती क्षीण होऊन पोहोचतो, हे पाहिले जाई व त्यावरून वेग ठरे. इतक्या चौकशीनंतर ठरलेला वेग विंडोजमधील आकड्याने बदलावा, अशी अपेक्षा करणेच मुळात अवघड होते.

काउंटरवरचे यंत्र

या चौकशीला वीस-पंचवीस सेकंद लागत. तासभर इंटरनेट वापरणाऱ्याला त्याचे काही वाटत नसे. दुकानाच्या काउंटरवर रांग लागली असेल, तर मात्र तेवढा वेळ फार होतो, आणि याच अडचणीतून डायल-अपचा सर्वांत समंजस वापर जन्माला आला. तो बँकांचाच होता.

कार्ड घासून पैसे देण्याची यंत्रे भारतीय दुकानांत आली, तेव्हा ती टेलिफोनच्या तारेवरच चालत. दुकानदार कार्ड घासे, रक्कम टाके, पडद्यावर क्रमांक फिरविल्याची सूचना येई आणि थोड्या वेळाने पावती बाहेर पडे. त्या यंत्रातही मोडेम होता. ३३.६ आणि ५६ किलोबिटचे मोडेम बाजारात स्वस्त झाले, तरी या यंत्रांचा मोडेम जाणूनबुजून १,२०० किंवा २,४०० बिटच्या जुन्या, संथ पद्धतीने बोलत राहिला. घरच्या मोडेमच्या तुलनेत हा वेग वीसपटीहूनही कमी होता.

कारण साधे होते. यंत्राला सांगायचे असे ते फारच थोडे : कार्डाचा क्रमांक, मुदत, रक्कम, दुकानाची ओळख. सारा संदेश जेमतेम शे-दीडशे अक्षरांचा. १,२०० बिटच्या वेगाने तो एका सेकंदात जातो. पलीकडून आलेली मंजुरीही तितकीच छोटी. आणि इतक्या संथ वेगासाठी तारेची कसून परीक्षा घ्यावी लागत नाही. दोन मोडेम एकमेकांना दोन-तीन सेकंदांत ओळखत, खास जलद पद्धतीत त्याहूनही लवकर. ५६ किलोबिटच्या मोडेमने तोच संदेश डोळ्याचे पाते लवण्याआधी पाठविला असता, पण त्यापूर्वी वीस सेकंद शिट्ट्या वाजविल्या असत्या.

या यंत्रांतही सेटिंग होत्या आणि त्या बसविताना काळजीने पाहिल्या जात. क्रमांक टोनने फिरतो की पल्सने, दुकानाला बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य लावावे लागते काय, त्यानंतर थांबा किती, पहिला क्रमांक व्यग्र असेल तर दुसरा कोणता. त्यांतील एकही माहितीचा वेग वाढविण्यासाठी नव्हती. सणासुदीच्या गर्दीत दुकानदार पावती फाडून ग्राहकाच्या सहीसाठी पुढे सरकवी, तेव्हा त्याच वेळी निघालेला घरचा मोडेम अजून तारेची तपासणीच करीत असे.